प्रचीती आणि प्रमाण

फ्रान्सचे थोर गणिती ब्लेझ पास्कल यांना २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास ईश्वरी सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. त्याचे टिपण त्यांनी आपल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवले. १६६२ मध्ये ते निवर्तल्यावर ते सापडले. संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्या या बुद्धिमंताला भाबडा ठरविणे कोणालाही शोभणार नाही. प्रश्न निराळाच आहे. त्या रात्रीच्या अनुभवामुळे ख्रिस्ती धर्माची तत्त्वे सत्य म्हणून सिद्ध होतात काय?

होतात असे मानले, तर तोच न्याय इतरांनाही लावावा लागेल. बाबाजींनी स्वप्नात येऊन उपदेश केल्याचे तुकोबांनी स्वतःच सांगितले आहे. पंजाबातील शीख घराण्यात वाढलेल्या सुंदर सिंग यांना १९०४ मध्ये येशूचे दर्शन झाले आणि त्यांचे सारे जीवन पालटले. रामकृष्ण परमहंसांनी कालीमातेच्या उपासनेबरोबर इस्लामी पद्धतीनेही साधना केली व त्यांना ख्रिस्ताचेही दर्शन घडले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. हे सारे साक्षीदार प्रामाणिक होते. परंतु त्यांच्या साक्षींवर उभारलेले सिद्धांत मात्र परस्परांशी जुळत नाहीत. येशू हाच एकमेव तारक आणि सर्व मार्ग सारखेच, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

यावर आस्तिकांचा एक युक्तिवाद विचारार्ह आहे. रिचर्ड स्विनबर्न या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७९ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जे जसे भासते ते तसेच आहे असे मानणे, शंकेस सबळ कारण मिळेपर्यंत, रास्तच होय. आपण डोळ्यांवर विश्वास ठेवतो तो याच आधारावर. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण समोरचे झाड सर्वांना दिसते, आणि न दिसल्यास जवळ जाऊन खात्री करून घेता येते. धर्मानुभवाच्या बाबतीत साक्षींमधील विसंवाद हेच शंकेचे सबळ कारण ठरते. शिवाय साधकाला मूर्ती दिसते ती बहुधा त्याच्या परिचयाची. म्हणजे अनुभवाला आकार देण्यात संस्कारांचाही वाटा असतोच.

विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात याची मर्यादा नेमकी आखून दिली आहे. गूढानुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो अधिकारवाणीने बोलतो आणि तसे बोलण्याचा त्याला हक्कही आहे. परंतु इतरांनी तो निमूटपणे स्वीकारावा, असे बंधन त्यातून निर्माण होत नाही. एकाच्या वहीतील जमा दुसऱ्याच्या नावे टाकता येत नाही, हाच याचा अर्थ.

महाराष्ट्राला हे रेव्हरंड टिळकांच्या घरातून ठाऊक आहे. अंतरीच्या साक्षीस स्मरून नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीची ती प्रचीती लक्ष्मीबाईंना मात्र पुरली नाही. घर दुभंगले, वियोगाची काही वर्षे गेली. अखेर १९०० मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊनच. जिथे सहधर्मचारिणीलाही दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबता आले नाही, तिथे शेजाऱ्याने, समाजाने वा राष्ट्राने ते करावे ही अपेक्षा कितपत न्याय्य?

आपल्या परंपरेनेही ही सावधगिरी बाळगलेली आहे. समर्थांनी आत्मप्रचीतीबरोबर शास्त्रप्रचीती व गुरुप्रचीतीही मागितल्या. एकट्या आत्मप्रचीतीवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. अर्थात शास्त्र आणि गुरू हेदेखील धर्मागणिक वेगळे असल्यामुळे वाद तिथे मिटत नाही. पण स्वतःला आलेला अनुभवही पारखून घ्यावा लागतो, ही कबुली त्यात निश्चित आहे.

म्हणून अनुभव सांगणाऱ्याची टवाळी करू नये. त्याने त्याला धीर दिला असेल, व्यसनातून सोडविले असेल, तर ते मोलाचेच आहे. मात्र त्याच अनुभवाच्या बळावर तो इतरांची श्रद्धा खोटी ठरवू लागला, तर त्याच्याकडे पुरावा मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो मागणे हा श्रद्धेचा अवमान नव्हे.