एलईडी जळाला, हरकत नाही



इंदूरच्या आमच्या कॉलनीतली दहावीतली एक मुलगी परवा घरी आली. हातात डबी, डबीत तीन जळालेले लाल एलईडी. म्हणाली, "आजोबा, इलेक्ट्रॉनिक्स मला जमायचं नाही. मी आपली कॉमर्सच घेते."

कॉमर्सला माझी हरकत नाही. पण दोन-चार रुपयांच्या एलईडीने हा निर्णय करावा, हे पटेना. म्हटलं, "बस. काय केलंस ते क्रमाने सांग."

पहिला एलईडी तिने वजनकाट्यातल्या नाण्यासारख्या चपट्या सेलला लावला होता. छान पेटला. मग उजेड वाढावा म्हणून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. एकदाच चमकला आणि गेला. एलईडीच खराब असेल म्हणून दुसरा लावला, मग तिसरा.

आता हे का होतं ते पाहू. एलईडी म्हणजे साधा बल्ब नव्हे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. त्याच्या बरंच खाली जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. पण त्याच्या वर व्होल्टेज थोडंसं चढलं तरी प्रवाह भराभर वाढतो. एलईडी स्वतःला आवरू शकत नाही. त्याला आवरणारा कोणीतरी बाहेरून द्यावा लागतो, तो म्हणजे रेझिस्टर.

मग चपट्या सेलवर तो का जळला नाही? त्या सेलच्या आतच बराच रोध असतो. सेल ३ व्होल्टचा असला तरी जास्त प्रवाह देऊच शकत नाही. म्हणजे रेझिस्टर तिथेही होता, फक्त दिसत नव्हता. चौकोनी बॅटरी त्याहून पुष्कळ जास्त प्रवाह देते.

कोणता रेझिस्टर घ्यायचा? हिशेब दोन ओळींचा आहे. बॅटरीचे ९ व्होल्ट, त्यातून एलईडीचे २ वजा केले, उरले ७. प्रवाह १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर ठेवायचा आहे. ७ भागिले ०.०१५, उत्तर येतं साधारण ४६७ ओहम. बाजारात ४७० ओहमचा मिळतो. त्याचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी, चौथा सोनेरी. पाव वॅटचा पुरतो.

एलईडीचा लांब पाय प्लसकडे, आखूड मायनसकडे. रेझिस्टर एलईडीच्या आधी लावा की नंतर, फरक पडत नाही. वाट एकच, त्यामुळे दोघांतून प्रवाह तोच जातो.

आता माझी गोष्ट. तरुण लेफ्टनंट असताना मी मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या दोन्ही तारा सरळ बॅटरीच्या टोकांना लावल्या होत्या. मीटरचा फ्यूज उडाला. आमचे सुभेदार साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नवा फ्यूज हातावर ठेवून एवढंच म्हणाले, "साहब, फ्यूज इसी लिए होता है. अब बताइए, क्यों उड़ा?" कारण सांगता आलं, तेव्हाच त्यांनी मीटर परत दिला.

मुलीला मी तेच विचारलं. तिने स्वतः हिशेब मांडला, रेझिस्टर लावला. एलईडी पेटला आणि पेटलेलाच राहिला. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांवर मोजायला सांगितलं. आले ७.१ व्होल्ट. भागिले ४७०, म्हणजे १५ मिलिअँपिअर. वहीतलं उत्तर टेबलावर दिसलं, तशी ती खुर्चीतून उठलीच.

एक हुकूम मात्र पाळा: नवशिक्यांनी बॅटरीवरच काम करायचं. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला हात लावायचा नाही. इथे चूक झाली तर एलईडी जातो. तिथे जीव जातो.

तीन जळालेले एलईडी तिने फेकले नाहीत. डबीवर चिठ्ठी चिकटवली: "९ व्होल्ट, रेझिस्टर नाही." कॉमर्स की सायन्स, ते तिचं ती ठरवील. जळालेल्या एलईडीला विचारून ठरवणार नाही, एवढं पुरे.

पुढच्या भागात ट्रान्झिस्टर. तोवर हा एक सर्किट स्वतःच्या हाताने करून पाहा.

जय हिंद.