विश्लेषण : गाडी अचानक सुरूच होत नाही... दोष बॅटरीचा, सेल्फचा की इंधनाचा?

रात्री व्यवस्थित उभी केलेली मोटार सकाळी चावी फिरवल्यावर ढिम्म राहते, किंवा पाच मिनिटांसाठी बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होत नाही. अशा वेळी बहुतेक चालक पुन:पुन्हा सेल्फ मारत राहतात. मग गॅरेजमध्ये आधी बॅटरी, नंतर स्टार्टर, त्यानंतर आणखी काही अशी बदलाबदल सुरू होते. वास्तविक चावी फिरवल्यावर पहिल्या पाच सेकंदांत गाडी काय करते, यावरून बिघाड कोणत्या भागात आहे याचा अंदाज बोनेट न उघडताही येतो. पावसाळ्यात तर हा अंदाज न घेता सेल्फ मारणे थेट इंजिनाच्या जिवावर बेतू शकते.

इंजिन सुरू होण्यासाठी काय लागते?

इंजिन आपले आपण फिरू लागत नाही, पहिले काही फेरे ते बाहेरून फिरवावे लागते. पूर्वी हे काम हँडल मारून होत असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये आला आणि हँडल हळूहळू इतिहासजमा झाले. तोच आजचा ‘सेल्फ’. बॅटरीतून वीज घेऊन तो इंजिन फिरवतो. मग पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी मिळावी लागते. डिझेल इंजिनात ठिणगीऐवजी दाबाने तापलेली हवा इंधन पेटवते. म्हणजे प्रश्न दोनच उरतात. इंजिन फिरते आहे का? आणि फिरत असेल, तर ते पेट का घेत नाही?

आवाजावरून बिघाड कसा ओळखावा?

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, तर बॅटरी पूर्ण उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सुटलेले असते. दिवे लागतात, पण ‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज येतो, किंवा इंजिन ‘घर्र... घर्र...’ करत जड फिरते, तेव्हा बॅटरीत पुरेसा जोर उरलेला नसतो. एकदाच ‘टक’ असा आवाज येऊन शांतता पसरली, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो.

खात्री करण्यासाठी हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. हेडलाइट एकदम मंदावले किंवा विझले, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा टर्मिनलचा. ते तसेच प्रखर राहिले आणि इंजिन मात्र फिरले नाही, तर सेल्फकडे पाहावे. ‘हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा समज फसवा आहे. हॅलोजन हेडलाइटचा एक बल्ब साधारण पाच अॅम्पिअर वीज घेतो, तर छोट्या पेट्रोल मोटारीचा सेल्फही त्या क्षणी शंभराहून अधिक अॅम्पिअर खेचतो.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही, ही तिसरी स्थिती. इथे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष असतात. शोध इंधन, ठिणगी किंवा सेन्सरकडे वळवावा लागतो.

बॅटरी एकाएकी दगा का देते?

चांगल्या स्थितीतील पूर्ण चार्ज बॅटरी, गाडी काही तास बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली ती जवळपास रिकामी समजावी. आपल्याकडील उष्णतेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. उन्हाळा तिला आतून झिजवतो आणि ही झीज पुढे एखाद्या गार सकाळी उघड होते. शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, आठवडाभर उभी राहणारी गाडी, आतला दिवा चालू राहणे, बंद गाडीतही वीज घेणारा डॅशकॅम ही नेहमीची कारणे.

मात्र कित्येकदा बॅटरी ठीक असते आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचलेली असते किंवा त्याची पकड सैल झालेली असते. पाना घेऊन टर्मिनल घट्ट केले, तरी गाडी सुरू होते. काढून साफ करायचे असल्यास आधी वजा बाजूचे टर्मिनल सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट कसा द्यावा?

दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असाव्यात आणि गाड्यांचा एकमेकींना स्पर्श नसावा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नसते. गाडी सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढाव्यात.

धक्का मारून सुरू करण्याचा उपाय केवळ मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी आहे. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, त्यामुळे उतारावर किंवा घाटात तो धोक्याचा ठरतो.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही, तेव्हा?

आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने चावीतील चिप ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहावी. बटण-स्टार्टच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर अनेक मॉडेलमध्ये रिमोट बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबलेला नसला, ऑटोमॅटिकचा लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’वर नसला, तर अशा गाड्यांत सेल्फच लागत नाही.

पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो इंधनपंपाचा आवाज. तो आलाच नाही, तर फ्यूज, रिले किंवा पंप तपासावा. सीएनजीच्या अनेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी कोरडी असेल, तर सिलिंडर भरलेला असूनही त्या अडून बसतात. उंदरांनी वायरी कुरतडणे हे पावसाळ्यातले हमखास कारण. गरम असताना बंद पडलेली आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होणारी गाडी अनेकदा क्रँक सेन्सरकडे बोट दाखवते.

सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्ध्या मिनिटाची उसंत द्यावी. नाहीतर मूळ दोष तसाच राहून बॅटरी आणि सेल्फ दोन्ही हकनाक जातात.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे काय?

तिला सेल्फ मारूच नये. इंजिन हवा दाबते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च हजारांवरून लाखांवर जाऊ शकतो. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान येते, पण पाणी शिरल्यानंतर सेल्फ मारल्याने मोडलेले इंजिन सर्वसाधारणपणे येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते आणि त्यालाही अटी असतात. गाडी टो करून न्यावी, फोटो काढावेत आणि विमा कंपनीला लगेच कळवावे.

रस्त्यात गाडी अडली तर?

हॅझर्ड लाइट लावावेत, परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा आणि द्रुतगती मार्गावर प्रवाशांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे थांबावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

‘गाडी सुरू होत नाही’ एवढे न सांगता आवाज कोणता येत होता, हेडलाइट मंदावले का, गाडी गरम होती की थंड, हे सांगावे. बॅटरी बदलण्यापूर्वी लोड टेस्ट करून घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. अनेक नव्या गाड्यांत हा आकडा थोडा वरखाली होतो, पण तो सतत १३ च्या खाली राहिला, तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो. अशा गाडीत बसवलेली नवीकोरी बॅटरीही काही दिवसांत उतरते.