‘तब्येत कशी आहे?’ : उत्तर नीट ऐका

‘काय, तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न आपण रोज विचारतो आणि उत्तर पुरते न ऐकताच पुढे जातो. वैद्यकशास्त्राने मात्र या उत्तराची दखल घेतली आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात १९७१ साली ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांना ‘वयाच्या मानाने तुमची प्रकृती कशी आहे?’ असे विचारण्यात आले. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वय आणि आजारांच्या नोंदी हिशेबात घेऊनही, ‘वाईट’ म्हणणाऱ्यांना पुढील सात वर्षांत मृत्यूचा धोका ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. नंतर इतर देशांतील अनेक पाहण्यांतही साधारण असेच दिसून आले.

असे का व्हावे? शरीरातील बारीकसारीक बदल तपासणीत दिसण्याआधी माणसाला जाणवतात. भूक मंदावते, जिना चढताना दम लागतो, कामाचा उत्साह राहत नाही. शिवाय या उत्तरात झोप, व्यायाम, तंबाखू, दारू, पैशाची विवंचना आणि घरातील माणसांशी असलेले संबंध हे सारे मिसळलेले असते. काळजी सतत राहिली की झोप उडते, रक्तदाब वाढतो, व्यसने बळावतात आणि औषधे वेळेवर घेतली जात नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी काहींचे रक्त, लघवी, कार्डिओग्राम सगळे व्यवस्थित असते. तरी ‘डॉक्टर, बरे वाटत नाही’ हे पालुपद सुटत नाही. थोडे बोलते केले की कळते, जोडीदार गेलेला, मुले पुण्या-मुंबईला, दिवसभर बोलायला कोणी नाही. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून यांना परत पाठवणे योग्य नव्हे. एकटेपणा आणि नैराश्य यांचे परिणाम शरीरावरही होतात.

पण याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणत दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका आपल्या घरोघरी आहेत. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते, पण थकवा हा संसाराचाच भाग आहे अशी त्यांची समजूत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

अमर्त्य सेन यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते. आयुर्मानात पुढे असलेल्या केरळात लोक आजाराच्या तक्रारी सर्वांत जास्त सांगत, तर मागे असलेल्या बिहारात सर्वांत कमी. शिक्षण आणि दवाखाने जवळ असले की आजार ओळखता येतो. नसले की त्रास सवयीचा होतो. म्हणून ‘बरे नाही’ हे उत्तर खरे मानावे, पण ‘ठीक आहे’ या उत्तरावर विसंबू नये.

तेव्हा वाचकहो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

• दोन आठवड्यांहून अधिक काळ ‘बरे वाटत नाही’ असे होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. झोप, भूक आणि मनाची अवस्था यांविषयीही मोकळेपणाने सांगा.

• तिशीनंतर काही त्रास नसला तरी रक्तदाब व साखर तपासून घ्या. हे दोन्ही विकार बरेच दिवस मुकाट्याने वाढतात.

• घरातील स्त्रीला ‘कशी आहेस?’ एवढेच विचारू नका. तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून आणा.

• रोज अर्धा तास चाला, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने. पारावर, भजनी मंडळात, वाचनालयात जाणे-येणे सोडू नका.

• मन फारच खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. त्यात कमीपणा काही नाही.

आणि शेजारच्या आजोबांना उद्या तब्येत विचाराल, तेव्हा उत्तर ऐकायला पाच मिनिटे थांबा.