माझा रविवार, तिचा रविवार

पाचवीचा इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर आठवड्याचे वार लिहून मी मुलांना प्रत्येक वारावर एकेक वाक्य लिहायला सांगितलं. सुरुवात म्हणून रविवारचं वाक्य मीच देऊन टाकलं, 'संडे इज अ हॉलिडे'. मधल्या सुट्टीत वह्या तपासायला घेतल्या, तर एका मुलीनं माझं वाक्य खोडून खाली आपलंच लिहिलेलं, 'माय मदर नो संडे'. तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "अगं, यात क्रियापद राहिलं."

"बाई, पण खरं आहे ना?" ती म्हणाली. "रविवारी तर तिला जास्तच काम असतं. बाजारात गिऱ्हाईक असतं ना!"

तिची आई मासळी विकते. सगळ्या जगाच्या घरी रविवारी मासळी शिजायची, तर तिला पहाटेच टोपली उचलावी लागणार. मी क्रियापद लाल शाईनं घातलं खरं, पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. कारण क्रियापद घातल्यावर ते माझ्यावरही लागू पडत होतं!

मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, नोकरी करणाऱ्या बाईचा रविवार म्हणजे काय असतं? आठवड्याची साठलेली धुणी, डाळी-तांदूळ निवडणं, इडलीचं वाटणं, मुलाची नखं, गणवेशाची इस्त्री आणि संध्याकाळी उद्याच्या पाठाची तयारी. सोमवारी शाळेत खुर्चीवर टेकलं, की वाटतं, चला, आता जरा विसावा!

मी मूळची लातूरची. यजमानांना तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली, मला इकडच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत, म्हणून आम्ही पालघरजवळ शिरगावात बिऱ्हाड केलं. आमच्याकडे 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावातून आलेली मी, पहिल्या दिवशी समुद्र बघून नुसती उभीच राहिले. इथली बोली वेगळी, जेवण वेगळं. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची मांडणी, हे मला मुलांनी शिकवलं. मी त्यांना इंग्रजी शिकवते, ती मला शिरगाव शिकवतात. परदेशच म्हणा ना एक प्रकारचा!

पण खरं सांगू? घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि चार वर्षांत मी तिथं गेले ती फक्त पाहुणे आले की. तेही हातात खाऊची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि "पुढे जाऊ नका रे!" असा गजर करत.

माझी बी.एड.ची एक मैत्रीण खऱ्याखुऱ्या परदेशात इंग्रजी शिकवते, दक्षिण कोरियात. भारत आणि कोरियात जो व्यापार करार झाला, 2010 पासून लागू झालेला, त्यात भारतीय शिक्षकांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करण्याची वाट मोकळी झाली. तिचा एका रविवारी फोन आला. मी कुकर लावत होते.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही! लोळतेय."

मग तिनं सांगितलं, तिथं जिमजिलबांग नावाची सार्वजनिक स्नानगृहं असतात. गरम पाण्यात निवांत डुंबायचं, मग तिथलेच ढगळ सुती कपडे घालून ऊबदार जमिनीवर पडून राहायचं. आज्या, सुना, शाळकरी पोरी, सगळ्या एकसारख्या कपड्यांत. भूक लागली तर भाजलेली अंडी खायची आणि भाताचं गोड, गार पेय प्यायचं. तिथल्या शाळांना 2012 पासून शनिवारीही सुट्टी असते. शिवाय 9 ऑक्टोबरला त्यांच्या लिपीच्या नावानं देशभर सुट्टी. सेजोंग राजानं 1446 साली ती लिपी प्रजेला दिली, त्याची आठवण. "म्हणजे बघ," ती हसून म्हणाली, "मी शिकवते इंग्रजी, आणि मला सुट्टी मिळते कोरियन लिपीमुळे!"

मग जरा थांबून म्हणाली, "पहिल्यांदा गेले ना, तेव्हा अर्धा तासही पडवेना. सारखं वाटायचं, काहीतरी करायचं राहिलंय. आईला कधी अशी दुपारी आडवी झालेली बघितलीच नाही ना आपण. शिकावं लागलं गं मला, नुसतं पडून राहायला."

ते 'शिकावं लागलं' मनात रुतून बसलं. त्याच आठवड्यात यजमानांची पाळीची सुट्टी रविवारी आली. मी आदल्या रात्रीच जाहीर केलं, "उद्या सात ते एक मी घरात नाही." त्यांनी विचारलं, "कुणाकडे चाललीस?" म्हटलं, "कुणाकडेच नाही." हे उत्तर त्यांना समजेना. खरं म्हणजे मलाही ते जड गेलं.

जानेवारीची सकाळ. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर पोचले, तर ओहोटी लागलेली. ओल्या वाळूवर पक्ष्यांच्या पावलांची नक्षी. पहिली वीस मिनिटं मी घड्याळच बघत होते. त्यानं दूध तापवलं असेल का? मुलानं आंघोळ केली असेल का? दोनदा मोबाइल हातात घेतला, दोनदा पर्समध्ये टाकला. मग चपला काढल्या आणि नुसती चालत राहिले. कधी डोकं रिकामं झालं, कळलंच नाही.

परतताना गावातल्या किल्ल्यात शिरले. पोर्तुगीज अमलातला हा किल्ला 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. एरवी सहलीची मुलं मोजण्यातच माझा सगळा किल्ला संपतो. आज तटावर चढून बसले. समोर माडांचे शेंडे, पलीकडे समुद्र. आणि मागे एकदा कामगार दिनाच्या भाषणासाठी वाचलेली गोष्ट आठवली.

आपली ही रविवारची सुट्टी आभाळातून पडलेली नाही. मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 ला त्यांनी मुंबईत सभा भरवली, जवळजवळ दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या! 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, दहा हजारांच्या जमावापुढे उभं राहून बायकांनी सुट्टी मागितली. गिरणीचा भोंगा रविवारी थांबलाही. पण त्या दोघी घरी गेल्यावर चुलीपुढून त्यांना कुणी उठवलं असेल का?

एक वाजता घरी आले. ओट्यावर दूध सांडलेलं, मुलाचा शर्ट उलटा, पण दोघंही मजेत! घरमालकीण काकूंनी उकडहंडीचा वाडगा आणून दिलेला. त्या म्हणाल्या, "एकटीच गेलीस समुद्रावर? बरी आहेस ना गं?" त्यांच्या आवाजात काळजी होती. बाई एकटी स्वस्थ बसली, की तिला काहीतरी झालंय, असंच आपल्याला वाटतं. मी म्हटलं, "काकू, पुढच्या वेळी तुम्हीपण चला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बघू, पापड झाले की."

सोमवारी पाचवीला मी निराळाच गृहपाठ दिला. येत्या रविवारी आईला अर्धा तास सुट्टी द्यायची. तिचं काम तेवढा वेळ आपण करायचं, आणि आईनं काय केलं ते इंग्रजीत एका वाक्यात लिहायचं. मुलगे जरा कुरकुरले. "बाई, भांडी पण?" म्हटलं, "भांडी पण!"

पुढच्या सोमवारी वह्या आल्या. 'माय मदर स्लीप्ड.' 'माय मदर वॉच टीव्ही.' 'माय मदर कॉल ग्रँडमदर.' एकानं लिहिलं होतं, 'माय मदर लाफ.' व्याकरण बहुतेकांचं चुकलेलं. त्या दिवशी लाल पेन मी उघडलंच नाही.

त्या मुलीची वही मी शेवटी घेतली. बाजारातून आल्यावर तिनं आईला खाटेवर बसवलं होतं आणि स्वतः टोपल्या धुतल्या होत्या. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'माय मदर सिट. टेन मिनिट.'

"अर्धा तास सांगितला होता ना?" मी विचारलं.

"दहा मिनिटांनी उठलीच ती. म्हणाली, बसवत नाही गं मला." मग जरा विचार करून म्हणाली, "पण बाई, पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं बसवते."