दिव्याखालीं अंधार

चंद्रपुरांत वैशाखांतील एका रात्रीं आमच्या वॉर्डांतले सर्व दिवे एकाएकीं मालवले. मातोश्रींचें प्राणवायूचें यंत्र बंद पडलें. राखीव सिलिंडर जोडीपर्यंत आमचा जीव टांगणीस लागला. शेजारीं दुर्गापुरास २,९२० मेगावॉटचें औष्णिक केंद्र असतां अंधार कां, असें मुलांनीं विचारलें. तेथील वीज थेट घरीं येत नाहीं. ती राज्याच्या जाळ्यांत मिसळते व उपकेंद्रांतून आम्हांस मिळते. वाटेंत दुवा निखळला कीं शेजार व्यर्थ. (राख मात्र विनाविलंब दारीं येते!) १२ ऑक्टोबर २०२० रोजीं कळवा-पडघा वाहिन्यांतील बिघाडानें मुंबईच्या लोकलगाड्याही खोळंबल्या होत्या. पहांटे दिवे आले. मातोश्रींनीं प्रथम विचारलें, "सिलिंडरांत अजून किती शिल्लक आहे?"