‘अप’ म्हणजे वर नव्हे

रविवारी मेगाब्लॉक असला की शनिवारच्या पेपरात ‘अप जलद’, ‘डाउन धीमा’ असं काहीतरी छापून येतं. ते वाचून तुम्ही कधी गोंधळलायत? खोपटला राहणारी माझी मावशी गोंधळली. तिचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, इगतपुरीचं. मामाच्या नातीचं बारसं होतं. ‘अप मार्गावर ब्लॉक’ वाचून ती म्हणाली, “मला तर वरच जायचंय,” आणि घरीच बसली. ब्लॉक होता मुंबईकडे येणाऱ्या मार्गावर. बारसं हुकलं ते हुकलंच, मामा अजून ऐकवतो.

खरं तर चूक मावशीची नाही. मराठीत ‘वर’ जमिनीच्या उंचसखलपणावरून ठरतं. कोकणातला माणूस ‘घाटावर’ जातो, ‘देशावर’ जातो, आणि परत ‘खाली’ उतरतो. रेल्वेचं ‘अप’ मात्र इंग्लंडातून आलं. तिथे लंडनकडे जाणारी गाडी अप, मग वाटेत चढ असो की उतार. मध्य रेल्वेवर लंडनची जागा सीएसएमटीने घेतली. त्या हिशोबाने १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडीसुद्धा डाउनच!

खरी गंमत कसारा घाटात आहे. तिथे चढ इतका उभा की ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढलेली असते. मागून बँकर इंजिनं जीव खाऊन ढकलत असतात, आणि रेल्वेच्या कागदावर गाडी ‘डाउन’ चाललेली असते.

भाषाशास्त्रात यावर बराच अभ्यास झालाय. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी मेक्सिकोतल्या तेनेहापा गावी त्सेल्ताल भाषा अभ्यासली. तिथला डोंगर दक्षिणेकडे चढत जातो, म्हणून सपाट टेबलावरची दक्षिणेकडची बाटलीही त्यांच्या भाषेत ‘चढाकडची’ असते. मावशीचं ‘वर’ याच जातीचं. रेल्वेचं ‘अप’ डोंगराकडे बघतच नाही, ते मोठ्या स्टेशनाकडे बघतं.

आपण मराठीत मात्र या जोडीतून दिशाच काढून टाकली. ‘मी रोज अप-डाउन करतो’ म्हणजे रोज जाऊन-येऊन असतो, एवढंच. ठाण्याहून कल्याणला नोकरीला जाणारा खरं तर सकाळी डाउन आणि संध्याकाळी अप करतो, पण ‘डाउन-अप करतो’ म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलंय?