विभव फलनाचे क्रांतिक बिंदू आणि किनारी विहिरींचा उपसा : निर्मळ परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
संमिश्र विश्लेषणाच्या अभ्यासक्रमात विभव फलनाचे क्रांतिक बिंदू, म्हणजे अवकलज शून्य होणारे बिंदू, बहुधा आकडेमोडीपुरतेच उरतात. वसई तालुक्यातील निर्मळसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात मात्र विहिरीचे पाणी गोडे राहील की खारट होईल, हा प्रश्न याच बिंदूंशी निगडित आहे.

गणिती मांडणी
एकसमान थरातून संथपणे वाहणाऱ्या भूजलाचे विभव लाप्लासच्या समीकरणाचे पालन करते. ते आणि त्याचे संयुग्मी प्रवाह फलन मिळून एक वैश्लेषिक फलन तयार होते. अशा विभवाला प्रदेशाच्या अंतर्भागात महत्तम वा लघुतम मूल्य नसते. म्हणून त्याचा क्रांतिक बिंदू खोगिराच्या आकाराचा असतो. तेथे पाण्याचा वेग शून्य होतो. त्याच्या एका बाजूचे पाणी विहिरीकडे, तर दुसऱ्या बाजूचे समुद्राकडे जाते.

किनारा सरळ मानून समुद्राच्या बाजूस विहिरीची प्रतिमा कल्पिली जाते. विहिरीचे किनाऱ्यापासूनचे अंतर 'अ', किनाऱ्याच्या दर मीटर लांबीतून समुद्राकडे जाणारा नैसर्गिक प्रवाह 'प' आणि उपसा 'उ' असल्यास,
त = उ ÷ (पाय × प × अ)
हे गुणोत्तर मिळते. क्रांतिक बिंदू किनाऱ्यापासून अ × √(१ − त) अंतरावर असतो.

विवेचन
त = ०.७५ असताना हा बिंदू विहीर व किनारा यांच्या मध्यावर असतो. म्हणजे मर्यादेच्या पाऊण भागापर्यंतचा उपसा त्याला निम्मे अंतर सरकवितो. उरलेले निम्मे अंतर शेवटच्या पाव भागातच संपते. त = १ होताच बिंदू व त्याची प्रतिमा किनाऱ्यावर एकरूप होतात. त्यापुढे ते किनाऱ्याच्या रेषेवर परस्परांपासून दूर जातात आणि त्यांच्या मधून समुद्राचे पाणी विहिरीकडे वळते. प्रत्यक्षात जड खारे पाणी गोड्या पाण्याखाली पाचरीसारखे शिरलेले असते. त्यामुळे धोक्याची मर्यादा याहूनही आधी येते, असे ओटो स्ट्रॅक यांनी १९७६ मध्ये दाखविले.

वसईच्या वाड्यांतील बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारी तळी, सूत्रातील 'प' टिकवून धरतात. ती बुजविल्याने 'प' एक चतुर्थांशाने घटला, तर उपसा थेंबभरही न वाढता ०.७५ चे गुणोत्तर १ वर पोहोचते.

निष्कर्ष
केवळ उपशावर नियंत्रण ठेवणे पुरेसे नाही. पाणी मुरण्याच्या जागांचे रक्षण हा त्याच समीकरणाचा दुसरा भाग आहे. विहिरीचे पाणी आज गोडे लागते, एवढ्यावरून ती मर्यादेपासून दूर आहे असे ठरत नाही.